सुटका, रिहाई आणि 'ट्रान्स्फर'

१ मे २००८ च्या रात्री उशिरा अमेरिकेचे एक लष्करी विमान सुदानची राजधानी खार्तूम येथे उतरले. अल-जझीरा वाहिनीचे कॅमेरामन सामी अल-हाज यांना त्यातून उचलूनच खाली आणावे लागले. स्ट्रेचरवरून रुग्णवाहिका, तिथून इस्पितळ. त्यांच्याच वाहिनीने हे सारे जगाला दाखवले आणि शब्द वापरला : सुटका. वॉशिंग्टनमध्ये मात्र संरक्षण खात्याच्या एका अधिकाऱ्याने, स्वतःचे नाव न देता, हा शब्द खोडून काढला. सुटका वगैरे काही नाही, कैदी सुदान सरकारकडे 'ट्रान्स्फर' केला आहे, एवढेच.

आम्हा मास्तरांच्या बोलीत ट्रान्स्फर म्हणजे बदली. एका शाळेतून दुसऱ्या शाळेत! उर्दूतही 'रिहाई' आणि 'मुंतकिली' हे शब्द एका घरात राहत नाहीत. रिहाई माणसाची होते, मुंतकिली बहुधा फायलीची. तेव्हा हा नुसता शब्दांचा घोळ नव्हे. सुटका म्हटली की मग पकडले कशासाठी होते, हा प्रश्न मागोमाग येतो. ट्रान्स्फर म्हटले की तो येत नाही.

पकडले होते १५ डिसेंबर २००१ रोजी, चमनजवळ, पाकिस्तान-अफगाणिस्तानच्या सरहद्दीवर. कागदपत्रे हाती घेऊन वार्तांकनासाठी निघालेल्या या माणसाला पाकिस्तानी अधिकाऱ्यांनी अडवले आणि जानेवारी २००२ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाली केले. बगराम, कंदाहार आणि जूनमध्ये ग्वांटानामो. तेथे ते कैदी क्रमांक ३४५ झाले. चेचन बंडखोरांना पैसे पोचवले, असे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले. आरोपपत्र मात्र कधीच दाखल झाले नाही. क्लाइव्ह स्टॅफर्ड स्मिथ हे त्यांचे वकील. आपल्या अशिलाला विचारलेले बहुतेक प्रश्न अल-जझीराविषयीच होते, असे ते सतत सांगत राहिले.

इतिहास शिकवणाऱ्याला साधने लागतात, आणि या सहा वर्षांची साधने पाहू गेले तर पदरी फार थोडे पडते. कैद्यांची नावेसुद्धा २००६ पर्यंत जाहीर नव्हती. असोसिएटेड प्रेसने माहितीच्या कायद्याखाली दावा लावला तेव्हा कुठे यादी बाहेर आली. छावणी पाहायला गेलेल्या पत्रकारांना कैद्यांचे चेहरे टिपण्याची मनाई होती. कारण काय, तर कैद्याचे प्रदर्शन करू नये असे जिनिव्हा करार सांगतो. याच कैद्यांना युद्धकैद्याचा दर्जा मिळणार नाही, असा निर्णय राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ७ फेब्रुवारी २००२ रोजी दिलेला होता. करार अंगाला लागू नाही, चेहऱ्याला मात्र लागू!

सामी यांनी ७ जानेवारी २००७ पासून अन्न सोडले. लष्कर त्यांना खुर्चीला जखडून नाकातून नळी घालून अन्न देई, दिवसातून दोनदा. कॅमेरा नव्हता, म्हणून त्यांनी ते चित्रांत रेखाटले. चित्रे लष्करी सेन्सॉरने अडवली. वकिलाने मग चित्रांचे शब्दांत वर्णन केले, ते वर्णन सेन्सॉरमधून सुटले आणि लुईस पीक या व्यंगचित्रकाराने त्यावरून ती नव्याने काढली. कॅमेऱ्यावर पोट असलेल्या माणसाची साक्ष अशी तिसऱ्या हाताने जगापुढे आली. या साऱ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत मोलाचे साधन हेच वाटते.

अमेरिकी वृत्तपत्रे सगळीच गप्प होती असे नव्हे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये निकोलस क्रिस्टॉफ यांनी २००६ मध्ये सामी यांच्यावर स्तंभ लिहिला, पत्रकारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका समितीने त्याच वर्षी सविस्तर अहवाल काढला. पण पकडल्याला तेव्हा जवळजवळ पाच वर्षे होत आली होती.

खार्तूमच्या त्या रात्रीकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. इस्पितळात सामी आपल्या मुलाला भेटले. निघाले तेव्हा तान्हे असलेले ते पोर आता शाळेत जाण्याच्या वयाचे होते. खाटेवरून ते बोलले ते स्वतःपुरते नव्हते, मागे राहिलेल्यांविषयी होते. हे पाहताना कोणाचेही डोळे भरावेत. पण आपला पत्रकार परत आला म्हणून ज्या सुदान सरकारने आनंद मानला, त्याचेच सुरक्षा अधिकारी फेब्रुवारी २००८ पासून खार्तूमच्या दैनिकांची पाने छपाईपूर्वी तपासत होते, नको तो मजकूर काढायला लावत होते. ही पूर्वतपासणी २००९ च्या सप्टेंबरात उठली, तीही कागदोपत्री.

आणखी एक. त्या खेपेला पेंटागॉनने घरी पाठवलेले कैदी एकूण नऊ होते : सुदानचे तीन, मोरोक्कोचा एक, अफगाणिस्तानचे पाच. मथळ्यात आले एकच नाव, कारण त्याच्या पाठीशी वाहिनी होती. उरलेले आठ जण बातमीच्या शेवटच्या ओळीत आकडा होऊन राहिले. यात आमच्यासारखे वाचकही आलेच.

पकडले कशासाठी, याचे उत्तर एप्रिल २०११ मध्ये विकिलीक्सने ग्वांटानामोच्या फायली उघड केल्या तेव्हा सरकारी भाषेतच वाचायला मिळाले. क्रमांक ३४५ च्या फायलीत, या कैद्याला ग्वांटानामोला का आणले, याची कारणे नोंदली आहेत. त्यात अल-जझीराचे प्रशिक्षण, तिची दूरसंचार सामग्री, चेचन्या, कोसोव्हो आणि अफगाणिस्तानात ती बातम्या कशा मिळवते, आणि बिन लादेनची चित्रफीत तिच्या हाती कशी लागली, यांविषयी माहिती काढणे हे एक कारण म्हणून लिहिलेले आहे. तोवर सामी अल-हाज दोहाला अल-जझीरात परतले होते आणि मानवी हक्कांचा विभाग सांभाळत होते.