गाणे आधी, नकाशा नंतर : मॉरिशसची तीन स्थलांतरे

१/ स्थलांतराचा इतिहास आपण बहुधा नकाशावरच्या बाणांतून शिकतो. माणसे कोठून निघाली आणि कोठे पोहोचली, एवढेच बाण सांगतो. सोबत काय घेऊन गेली, ते नाही. म्हणून मॉरिशसचा धडा गाण्यापासून सुरू करून पाहू.

२/ पहिला आवाज सेगाचा. बकऱ्याच्या कातड्याचे ‘रावान’ हे डफासारखे वाद्य, क्रिओल भाषा आणि जमिनीवर पाय घसरवत केलेला नाच. आफ्रिका व मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्यांचा हा वारसा. भारतीयांपासून धडा सुरू केला, तर ही माणसे विस्मृतीत जातात.

३/ १ फेब्रुवारी १८३५ रोजी तेथील गुलामगिरी कायद्याने संपली. उसाच्या मळ्यांना मजूर मात्र हवेच होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजीच ‘अ‍ॅटलस’ जहाज कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर घेऊन पोहोचले होते. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही संख्या सुमारे साडेचार लाखांवर गेली.

४/ दुसरा आवाज गीत-गवईचा. लग्नाआधी घरी जमलेल्या भोजपुरी स्त्रिया ढोलक, लोटा आणि चमच्यांच्या तालावर गातात. युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत सेगा २०१४ मध्ये, तर गीत-गवई २०१६ मध्ये समाविष्ट झाली.

५/ वसाहतीच्या नोंदवहीत मजुराचे नाव, बापाचे नाव, जात, गाव आणि उंची सापडते. सरकारला आणि मळेवाल्याला हवे ते तेथे आहे. लेकीला निरोप देताना स्त्रिया काय गात, हे त्या वहीत कोण लिहिणार?

६/ तिसरा आवाज आपल्या ओळखीचा. काही जहाजे मुंबई बंदरातूनही गेली; त्यांत कोकणातली माणसे होती. त्यांच्या वंशजांची ‘झाकरी’ पाहिली की कोकणातली जाखडी आठवल्यावाचून राहत नाही.

७/ परंतु सावध असावे. गाणे हे साधन असले, तरी त्यावर तारीख नसते. पिढ्यापिढ्यांत शब्द बदलतात. घरातली गीत-गवई आज रंगमंचावरही सादर होते आणि पुरुषही तीत सहभागी होतात. म्हणून आजचे गाणे म्हणजे १८३४ चा जसाच्या तसा आवाज नव्हे.

८/ वर्गात हाच फरक शिकवता येतो. मुलांनी आधी गाणे ऐकावे. कोण गाते, कोणासाठी, कोणत्या भाषेत, कोणत्या वाद्यावर, हे टिपावे. मग नोंदवही उघडावी आणि कोणत्या साधनात कोण गैरहजर आहे, ते शोधावे.

९/ मित्रहो, आपल्या घरीही कोणी गाव सोडून आले असेल. आजीला विचारा, तिच्या लग्नात कोणती गाणी होती आणि ती कोणत्या बोलीत. उत्तर मिळाले तर तारखेसह लिहून ठेवा.