रंगमंचावर पिणारा, विंगेत दुकानदार

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचा लेखी मसुदा. आजचा विषय: दारूचं व्यसन आपल्या नाटक-सिनेमांनी कसं दाखवलं आणि काय दाखवायचं राहून गेलं.

सुरुवात अर्थातच 'एकच प्याला'पासून. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेरला वारले. त्यानंतर महिन्याभरात गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक बडोद्याला रंगभूमीवर आणलं. बालगंधर्वांची सिंधू लोकांनी डोक्यावर घेतली. गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. हुशार वकील सुधाकर, त्याची सनद काही काळासाठी जाते, अपमान सहन होत नाही आणि तळीराम त्याला पहिला पेला पाजतो. मग संसाराची राखरांगोळी.

तेव्हापासून आपण बहुतेक हाच साचा वापरतोय. पडद्यावरचा दारुडा एक तर सुधाकर, नाहीतर तळीराम. एकाला बघून रडायचं, दुसऱ्याला बघून हसायचं. पण गडकऱ्यांनी याहून जास्त पाहिलं होतं. सुधाकर मधे दारू सोडतो, हे कितीजणांना आठवतं? तो काम मागत फिरतो, वाट्याला हेटाळणी येते आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. आज व्यसनमुक्ती केंद्रात याला रिलॅप्स म्हणतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं ते व्यसन हा आजार आहे, असं मानून. त्या दिशेचं एक पाऊल या नाटकात आधीच पडलेलं दिसतं.

मग राहिलं काय? दुकान. पेल्यातली दारू कुठून आली, तिचा पैसा कुणाच्या खिशात गेला, हा त्या नाटकाचा प्रश्न नाही.

तो प्रश्न उभा राहिला डोंगरात. आमच्या वणीपासून सुरगाण्याकडे निघालं की आदिवासी पट्टा सुरू होतो. इथे मोहाची दारू घरची असायची, सणाची, देवाची. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर इंग्रज सरकारने गावोगावच्या भट्ट्या बंद करत आणल्या. घरी गाळली तर गुन्हा, ठेकेदाराच्या दुकानातून विकत घेतली तर सरकारला महसूल. दारू तीच, पण आता तिच्यासाठी रोख पैसा लागायचा. नसला की कर्ज.

आणि १९२२ मध्ये एक देवी आली. ही सप्तशृंगी नव्हे, सलाबाई. पालघरच्या किनाऱ्यावरच्या मांगेला कोळ्यांत ही लाट सुरू झाली, घाट चढून नाशिकच्या डोंगरात आली आणि डांगमार्गे सुरत जिल्ह्यात पोचली. अंगात आलेली माणसं देवीचा हुकूम सांगायची: दारू-ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा. सुरतेकडे तर दारूची दुकानं असलेल्या पारशी जमीनदारांच्या शेतावर मजुरीला जायचं नाही, असंही ठरलं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने यावर अख्खं पुस्तक लिहिलंय. पुढे बरेच लोक परत प्यायला लागले, हे खरं. पण त्यांनी पिणाऱ्यासोबत विकणाऱ्यालाही जाब विचारला. सुधाकर एकटा लढला, इथे गावंच्या गावं एकत्र उतरली.

सिनेमा मात्र जुन्याच वाटेने गेला. १९३९ मध्ये मुंबईत दारूबंदी लागू झाली. त्याच वर्षी अत्र्यांनी लिहिलेला, मास्टर विनायक दिग्दर्शित 'ब्रँडीची बाटली' आला. एक साधाभोळा कारकून औषधाला ब्रँडी शोधत फिरतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात. सिनेमा झकासच, पण पुन्हा गंमत बाटली शोधणाऱ्याची.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे काही बिघडलं की पहिलं वाक्य असतं, 'युजरची चूक'. बऱ्याचदा दोष सिस्टीममध्ये निघतो. व्यसनाच्या गोष्टीतही आपण युजरच पकडून ठेवलाय.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकू द्यायचा निर्णय घेतला आणि मोठा वाद पेटला. देवी येऊन तेव्हा बरोब्बर शंभर वर्षं होत होती. आमच्या दिंडोरी तालुक्यात वाईनरी आहेत, द्राक्षांवर कित्येक घरं चालतात, त्यामुळे इथे उत्तर सोपं नाही. पण पुढचा 'एकच प्याला' कुणी लिहिलाच, तर त्यात एक पात्र दुकानदाराचं असावं आणि एक महसूल मोजणाऱ्याचं. सिंधूचं दुःख तेवढंच राहील, फक्त जबाबदारांची यादी वाढेल.

भेटू पुढच्या भागात.