अनिश्चिततेचं तत्त्व : इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे, हे गणिताने कसं काढायचं?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी फिजिक्सच्या पेपरात मी हेच गणित चुकवलं होतं. गंमत म्हणजे उत्तर बरोबर 'वाटत' होतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून हा लेख.

तत्त्व काय आहे?
१९२७ मध्ये वर्नर हायझेनबर्ग यांनी हे तत्त्व मांडलं. कणाची स्थिती आणि संवेग (वस्तुमान × वेग) या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या तितक्या अचूक ठरवता येत नाहीत. दोष सेन्सरचा नाही. कितीही भारी उपकरण आणलं तरी ही मर्यादा राहतेच.

सूत्र
स्थितीतली अनिश्चितता × संवेगातली अनिश्चितता ही किमान 'एच भागिले ४ पाय' इतकी असते. एच म्हणजे प्लांकचा स्थिरांक. या भागाकाराची किंमत ५.२७ × १०^-३५ जूल-सेकंद.

उदाहरण
इलेक्ट्रॉनचा वेग ६ लाख मीटर प्रति सेकंद आहे आणि त्यात ०.५% अनिश्चितता आहे.

१. वेगातली अनिश्चितता : ६,००,००० चे ०.५% = ३,००० मीटर प्रति सेकंद
२. संवेगातली अनिश्चितता : ९.११ × १०^-३१ किलो × ३,००० = २.७३ × १०^-२७
३. स्थितीतली अनिश्चितता : ५.२७ × १०^-३५ ÷ २.७३ × १०^-२७ = १.९३ × १०^-८ मीटर, म्हणजे किमान १९ नॅनोमीटर

हायड्रोजनचा अणू साधारण ०.१ नॅनोमीटरचा. म्हणजे हा इलेक्ट्रॉन जवळपास दोनशे अणूंच्या रांगेत कुठेही सापडू शकतो!

माझी चूक कुठे झाली?
मी पायरी १ गाळली आणि थेट पूर्ण वेग टाकला. उत्तर आलं ०.०९६ नॅनोमीटर. अणूएवढं आलं म्हणून मी खूश, पण ते २०० पट लहान होतं. सूत्रात वेग नाही, वेगातली *अनिश्चितता* जाते, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

मग क्रिकेटच्या बॉलचं काय?
बॉल १६० ग्रॅमचा, वेग ४० मीटर प्रति सेकंद, अनिश्चितता तीच ०.५%. उत्तर येतं सुमारे १.६ × १०^-३३ मीटर. प्रोटॉनसुद्धा यापेक्षा प्रचंड मोठा आहे. म्हणून कॅच सुटला तर हायझेनबर्गला दोष देऊ नका!

आता इलेक्ट्रॉनचा वेग तोच ठेवा, अनिश्चितता १% करा आणि उत्तर काढून बघा. ते निम्मं यायला हवं.