खनिज आणि वायंगण

शापोरा नदीकाठचा हळर्णचा किल्ला पोर्तुगिजांनी १७४६ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतला. पुढे १७८८ मध्ये पेडणे महाल कायमचा त्यांच्या अमलाखाली गेला आणि डिचोली व सत्तरीप्रमाणे ‘नव्या काबिजादीं’त मोडू लागला. भूमी जिंकणारा बदलला, कसणारा तोच राहिला. त्याच्या पायाखालच्या मातीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न मात्र विसाव्या शतकात खाणींनी उभा केला. त्याचे तीव्र रूप शेजारच्या डिचोलीत दिसून आले.

१९०६ च्या पोर्तुगीज कायद्यान्वये खाणींच्या सवलती बेमुदत दिल्या जात. वर शेत गावकऱ्याचे, खालचे खनिज सवलतदाराचे, अशी विभागणी झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली आणि डोंगर झपाट्याने फोडले जाऊ लागले. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, तरी या सवलती रद्द करून त्यांचे भाडेपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा येण्यास १९८७ साल उजाडले.

एक टन खनिज काढावयाचे तर अडीच-तीन टन माती उपसावी लागते. तिचे ढिगारे पावसाळ्यात ओहोळांवाटे शेतांत उतरतात. खाण भूजलपातळीखाली गेली की पाणी रात्रंदिवस उपसले जाते. मग झरी आटतात, विहिरी कोरड्या पडतात आणि झऱ्यांच्या पाण्यावरील वायंगण शेती थांबते. लईराई देवीच्या शिरगावने हे दुःख दीर्घकाळ सोसले. उलटपक्षी, खाणीची मजुरी, ट्रक व बार्ज यांवर हजारो घरे उभी राहिली. त्यामुळे संघर्ष केवळ गाव विरुद्ध मालक असा राहिला नाही. तो गावातच, क्वचित एकाच उंबऱ्याआत शिरला.

असाच प्रसंग अमेरिकेत कॅलिफोर्नियातही घडला होता. १८४८ मध्ये तेथे सोने सापडले. पुढे पाण्याच्या प्रचंड झोतांनी डोंगर धुऊन काढण्याची रीत आली. त्या गाळाने यूबा नदीचे पात्र उंचावले, मेरिस्व्हिल शहर पुरात सापडले, सखल शेते गाडली गेली. अखेर ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायमूर्ती सॉयर यांनी नदीत गाळ सोडण्यास मनाई केली.

गोव्यात शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नोव्हेंबर २००७ नंतरचे उत्खनन बेकायदा ठरविले व वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. २०१८ मध्ये ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. तथापि, या बंदीने मजूर व ट्रकवाले यांच्या चुली विझत आल्या, हेही नमूद केले पाहिजे. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव होऊन डिचोलीचा खाणपट्टा पुन्हा दिला गेला आणि शिरगाव, मुळगाव, मये येथील लोकांपुढे जुनाच प्रश्न आला.

न्यायालय उत्खनन थांबवू शकते. आटलेली झर परत आणू शकत नाही. कोणती झर कोठे वाहत होती, कोणते शेत दोन पिके देत होते, याची नोंद खाणीच्या हिशेबवहीत नसते. ती गावाने ठेवावी लागते. ग्रंथालयासारख्या संस्थेचे पुढील शतकातील हे एक कर्तव्य ठरावे.