रातांधळेपणाचे औषध आणि मुरुमांची गोळी

१/ पंचवटीत, गणेशवाडीत आयुर्वेद महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थी सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘मुखदूषिका’ वाचतात: तरुणांच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या, सावरीच्या काट्यांसारख्या पुटकुळ्या. बऱ्याच पुढे, उत्तरतंत्रात, ‘नक्तान्ध्य’ येते, म्हणजे रातांधळेपणा. हे दोन विकार विसाव्या शतकात एकाच गोळीत एकत्र आले, त्याची ही कथा.

२/ नक्तान्ध्यावर सुश्रुत बोकडाचे यकृत सांगतो. प्राचीन इजिप्तच्या वैद्यकातही डोळ्यांसाठी यकृतच आहे. कारण उमगायला १९१३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत मॅककॉलम आणि डेव्हिस यांनी लोण्यातील एक जीवनावश्यक घटक ओळखला, तोच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व ठरला. यकृत हे त्याचे कोठार. १९३३ च्या सुमारास जॉर्ज वॉल्ड यांना तोच घटक दृष्टिपटलात सापडला. १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता.

(प्राचीनांना जीवनसत्त्वे ठाऊक होती, असे यावरून म्हणणे ही इतिहासाशी प्रतारणा होईल. त्यांना गुण ठाऊक होता, रेणू नव्हे.)

३/ याच घटकाचा अतिरेक त्वचेवर उतरतो. १५९७ मध्ये बॅरेंट्सच्या मोहिमेतील डच खलाशांनी ध्रुवीय अस्वलाचे यकृत खाल्ले. ते आजारी पडले आणि तिघांची कातडी डोक्यापासून पायापर्यंत सोलून निघाली.

४/ त्वचेवरील या प्रभावाचा उपयोग करता येईल का, या शोधातून ‘अ’ जीवनसत्त्वाचे भाऊबंद तयार झाले. १९७९ मध्ये गॅरी पेक आणि सहकाऱ्यांनी तीव्र मुरुमांच्या १४ रुग्णांना आयसोट्रेटिनॉइन दिले. १३ जणांचे चेहरे पूर्ण स्वच्छ झाले. १९८२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली.

५/ आता विरोधाभास पाहा. अंधारात पाहणाऱ्या पेशींतील रंगद्रव्य प्रकाशाने विघटित होते आणि पुन्हा घडवावे लागते. या पुनर्घडणीतील एका विकराला आयसोट्रेटिनॉइन अडवते. परिणामी काही रुग्णांना रात्री कमी दिसू लागते, कधी अचानक. त्याहून सर्रास आढळतो तो डोळ्यांचा कोरडेपणा. १६६६ मध्ये हाइनरिख मायबोम यांनी वर्णिलेल्या पापण्यांतील ग्रंथी म्हणजे त्वचेच्या तैलग्रंथींच्याच बहिणी. गोळी चेहऱ्याचे तेल आटवते, तेव्हा अश्रूंवरचा तेलाचा पापुद्राही पातळ होतो.

६/ हे मी केवळ ग्रंथांतून लिहीत नाही. ही गोळी चालू असताना प्रथम कॉन्टॅक्ट लेन्स टोचू लागल्या. मग एका संध्याकाळी रामकुंडाच्या पायऱ्या मला एकमेकींत मिसळलेल्या दिसल्या. पत्रकात हे सारे छापलेले होते. जुनी मोडी कागदपत्रे भिंगाने वाचणाऱ्या मला तेवढे पत्रक वाचायचे सुचले नव्हते!

७/ आजी म्हणाली, “अरे, रातांधळेपणाच तो, ‘अ’ जीवनसत्त्व घे.” तिचे चुकले नव्हते, १९७० पासून देशात बालकांना त्याचे डोस दिले जात आहेत. परंतु येथे तोच उपाय घातक असतो, कारण गोळी त्याच कुळातली असल्याने विषबाधा वाढते. टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकेही सोबत चालत नाहीत, त्याने मेंदूभोवतीचा दाब वाढू शकतो. डोकेदुखीसह दिसणे धूसर झाले, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. रात्री कमी दिसू लागले तरी त्यांना कळवावे आणि तोवर अंधारात दुचाकी काढू नये. मी तेव्हा होळकर पुलावरून चालतच घरी जात असे.