गारपिटीनंतर मोटारहोमची तपासणी : आधी टप, मग बाकीचे

अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानी राज्यांत सहलींचा मोसम आणि गारांचा मोसम जवळजवळ एकाच वेळी येतो. कोलोरॅडो, नेब्रास्का आणि वायोमिंग ही राज्ये जेथे एकमेकांना भिडतात, त्या पट्ट्याला 'हेल अ‍ॅली' म्हणजे 'गारांची गल्ली' असेच नाव पडले आहे. तेथे वर्षाकाठी सरासरी सात ते नऊ दिवस गारा पडतात. साउथ डकोटातील व्हिव्हियन या गावी २३ जुलै २०१० रोजी सापडलेल्या गारेचा व्यास आठ इंच, तर वजन सुमारे ८८० ग्रॅम होते. अर्थात नुकसानीसाठी एवढ्या मोठ्या गारेची गरज नसते. तेथील राष्ट्रीय हवामान सेवा एक इंच व्यासाच्या गारेपासूनच वादळाला 'तीव्र' म्हणते.

साध्या मोटारीला गारांचा मार बसला, तर पत्र्याला पोचे पडतात, फार तर काच फुटते. मोटारहोम मात्र चाकांवरचे घर आहे. त्याच्या टपाखाली पातळ प्लायवूड, फोम आणि लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा असतो. टपाला पडलेली केसासारखी भेग वरून दिसत नाही. पण तिच्यातून झिरपलेले पाणी काही महिन्यांत प्लायवूड कुजवते आणि बाहेरच्या भिंतींचे थर सुटू लागतात. त्यामुळे वाहन वरवर धडधाकट दिसले, तरी तपासणी टाळणे महागात पडते.

वादळ ओसरताच शिडी लावण्याची घाई करू नये. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यानंतर किमान ३० मिनिटे थांबावे, हा हवामान खात्याचा नियम येथेही लागू आहे. ओला रबरी टप अतिशय निसरडा असतो. शिवाय प्रत्येक टप माणसाचे वजन पेलेलच असे नाही. तशी खात्री नसेल, तर शिडीवर उभे राहूनच पाहणी करावी.

टप कशाचा आहे, यावर खुणा अवलंबून असतात. ईपीडीएम या रबरी आवरणाचा वरचा थर बहुधा पांढरा आणि आतला काळा असतो. गार लागून वरचा थर उडाला, की काळे गोल ठिपके दिसतात. टीपीओ प्रकारच्या आवरणावर असा रंगभेद सहसा मिळत नाही. तेथे हात फिरवून खळगे आणि चिरा शोधाव्या लागतात. फायबरग्लासवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरचे पोचे बहुतेक वेळा केवळ दिसायला वाईट असतात. सांधा उघडला असेल, तरच धोका. भर दुपारच्या उन्हात पोचे लपतात. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उजेडात, नाही तर विजेरी आडवी धरून पाहावे आणि सापडलेल्या प्रत्येक खुणेभोवती खडूने वर्तुळ काढावे. अंगठ्याने दाबल्यावर टप मऊ लागला, तर खालचे लाकूड मोडले आहे किंवा भिजले आहे.

सर्वाधिक नुकसान मात्र टपावर बसवलेल्या वस्तूंचे होते. हवेसाठी ठेवलेल्या झरोक्यांची प्लास्टिकची झाकणे उन्हाने आधीच ठिसूळ झालेली असतात आणि तीच प्रथम फुटतात. न्हाणीघरावरचे पारदर्शक छत, सांडपाण्याच्या वायुनलिकांच्या टोप्या, अँटेनाचे बूड हे सारे एकेक करून पाहावे. या वस्तूंच्या कडेने लावलेले सीलंट तडकले आहे का, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे. वातानुकूलन यंत्राचे आवरण शाबूत असले, तरी मागील अ‍ॅल्युमिनियमच्या नाजूक पात्या वाकलेल्या असू शकतात. त्या बारीक फणीने सरळ करता येतात. नळीला भोक पडले असेल, तर काम तंत्रज्ञाचे. सौर पॅनेलची काच फुटली असली, तरी उजेडात त्यातून वीज वाहतच असते. त्यावर जाड कापड टाकावे, उघड्या हाताने स्पर्श करू नये.

गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचे धुराडे अनेक वाहनांत टपावरच उघडते. त्याची टोपी फुटून तुकडे आत पडले असतील, तर ते काढेपर्यंत फ्रिज गॅसवर सुरू करू नये. ही बाब सहज नजरेतून सुटते, म्हणून तिचा वेगळा उल्लेख.

आतून पाहताना छताचे कोपरे, वरच्या कपाटांचा मागचा भाग आणि दिव्यांच्या कडा तपासाव्यात. पाणी जेथे शिरते तेथेच दिसते असे नाही. ते सांगाड्यावरून वाहत दुसऱ्या टोकाला निघते. ओल मोजण्याचे छोटे यंत्र मिळाल्यास कोरड्या भिंतीचे माप आधी घ्यावे आणि संशयित जागेचे त्याच्याशी ताडून पाहावे. दोन-तीन दिवसांनी हीच फेरी पुन्हा करावी.

विम्याचे गणित भारतीय वाहनधारकांना अनोळखी नाही. केवळ दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी घेणाऱ्या पॉलिसीत गारांची भरपाई मिळत नाही. त्यासाठी 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' संरक्षण लागते. काही करारांत निव्वळ दिसण्यापुरते पोचे वगळलेले असतात, म्हणून गळती सिद्ध करणारी छायाचित्रे मोलाची ठरतात. शेजारी नाणे ठेवून, तारखेसह ती घ्यावीत. कंपनीचा माणूस पाहून जाईपर्यंत कायमची दुरुस्ती करू नये; परंतु पाणी आत जाऊ न देणे ही मालकाचीच जबाबदारी मानली जाते. जागा कोरडी करून रबरी टपाला चालणारी चिकटपट्टी लावावी आणि पावती जपावी. साधे सिलिकॉन रबरावर नीट धरत नाही, शिवाय पुढच्या दुरुस्तीतही अडथळा आणते. वादळामागोमाग गावात उतरून दारोदार फिरणाऱ्या आणि आगाऊ पैसे मागणाऱ्या कारागिरांपासून सावध राहिलेले बरे.

सुटीत भाड्याने मोटारहोम घेणाऱ्यांसाठी, आणि त्यांत तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही आली, एक मुद्दा वेगळा आहे. वाहन ताब्यात घेतानाच टपाची छायाचित्रे काढून ठेवावीत. गारा लागल्यास त्याच दिवशी भाडेकंपनीला लेखी कळवावे आणि तिच्या संमतीवाचून टपाला काहीही लावू नये.