मेंढ्या, बीट आणि स्टॅटिस्टिक्स

बी.कॉम.ला असताना स्टॅटिस्टिक्स या विषयाने मला दोनदा चारी मुंड्या चीत केलं. तिसऱ्या खेपेला काठावर सुटलो आणि बँकेत चिकटलो. पण तेव्हापासून मनात एक होतं, हा शब्द ज्या कुणी इंग्रजीत आणला त्या गृहस्थाचा छडा लावायचा. माझा संशय एखाद्या सुतकी चेहऱ्याच्या प्रोफेसरावर होता. निघाला शेतकरी!

सर जॉन सिंक्लेअर त्याचं नाव. स्कॉटलंडचा जमीनदार. मेंढ्यांचा एवढा नाद, की १७९१ साली लोकर सुधारण्यासाठी त्याने सोसायटीच काढली. १७८६ साली जर्मनीत फिरताना हा शब्द त्याला भेटला. नवा शब्द दिसला की लोक जरा लक्ष देतील, म्हणून उचलला, असं त्यानेच लिहून ठेवलं आहे. जर्मन लोक त्या शब्दाखाली राज्याची ताकद मोजत. सिंक्लेअरला मोजायचं होतं रहिवाशांच्या वाट्याला आलेलं सुख! आमच्या पेपरात सुखाचा एक जरी प्रश्न असता तरी मी पहिल्या झटक्यात पास झालो असतो.

हे सुख मोजायला त्याने स्कॉटलंडच्या नऊशेवर पाद्र्यांना प्रश्न धाडले. किती? एकशे साठ! उत्तर आलं नाही की स्मरणपत्र, त्यावर पुन्हा स्मरणपत्र. आमच्या हेड ऑफिसचा मूळ पुरुष कोण, तेही मला त्या दिवशी कळलं.

पुढे १७९३ साली लंडनला शेतकी मंडळ निघालं. सिंक्लेअर अध्यक्ष आणि आर्थर यंग सेक्रेटरी. हा यंग १७८४ पासून ‘ॲनल्स ऑफ ॲग्रिकल्चर’ नावाचं नियतकालिक चालवीत होता. १८१५ पर्यंत त्याचे शेहेचाळीस खंड निघाले. त्यात कोण लिहीत होतं म्हणता? साक्षात तिसरा जॉर्ज राजा! त्याला शेतीचं वेड, लोक त्याला ‘फार्मर जॉर्ज’च म्हणत. पण पत्राखाली सही ठोकली ‘राल्फ रॉबिन्सन’. आमच्या काउंटरला अशी सही आली असती, तर राजा असो नाहीतर रॉबिन्सन, चेक परत!

शेतीच्या असल्या कागदांतून त्या काळी एक वाद रंगला होता. बी यंत्राने ओळीत पेरायचं, की मुठीने रुंद उधळायचं? या दुसऱ्या पद्धतीला शब्द होता ‘ब्रॉडकास्ट’. होय, तोच! १९२० च्या सुमारास रेडिओवाल्यांना शब्दाची गरज पडली, तेव्हा त्यांनी तो शेतकऱ्याच्या मुठीतून काढून घेतला. आमच्या गावच्या काकांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, “म्हणजे बी फोकायचं. फोकलेलं निम्मं पाखरं खातात रे.” रेडिओबद्दल इतकं अचूक मत मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही.

आणि त्या ओळीत पेरणाऱ्या यंत्राचं काय? विलायतेत त्याचं केवढं कौतुक. पण १७९५ साली हॅल्कॉट नावाच्या इंग्रज कप्तानाने दक्षिण हिंदुस्थानातून मंडळाला कळवलं, की ज्याला मी युरोपातला नवा शोध समजत होतो, तो इथे साधे शेतकरी वापरतात. हे ऐकून काका काही बोलले नाहीत. नुसते पडवीतल्या तिफणीकडे बघत राहिले.

कारकून म्हणून मला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो तो ‘मँगेल-वुर्झेल’. हे गुरांना घालायचं बीट. मूळ जर्मन शब्द ‘मँगोल्ड’, म्हणजे बीट, आणि ‘वुर्झेल’, म्हणजे मूळ. कुणीतरी ‘मँगोल्ड’चं ‘मँगेल’ केलं. त्याचा अर्थ टंचाई! फ्रेंचांनी इमानेइतबारे भाषांतर केलं, ‘टंचाईचं मूळ’. १७८७ साली लंडनच्या डॉक्टर लेटसमने फ्रेंचावरून इंग्रजीत तेच उतरवलं. तीन देशांच्या टेबलांवरून एक चूक फिरली आणि कुणी मूळ कागद उघडून पाहिला नाही. मी एका खात्यात एक शून्य जास्त टाकलं तर मला मेमो मिळाला होता. यांना शब्दकोशात जागा मिळाली!

आमचे चिरंजीव सध्या कॉमर्सलाच आहेत. परवा त्यांचा स्टॅटिस्टिक्सचा पेपर. रात्री त्यांना उठवून बसवलं आणि सिंक्लेअर, मेंढ्या, पाद्री, सुखाचं मोजमाप, सगळं रंगवून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

“बाबा, हे किती मार्कांना येतं?”